बेळगावातून पहिला सोलो लोक-रॉक अल्बम काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली गाणारी मुलं-मुली मला फोनवर जे विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. मी गिटार वाजवतो आणि दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करतो. वकील नाही, पण कॉपीराइटचा कायदा या कामापुरता वाचलेला आहे. प्रश्न ज्या शब्दांत येतात त्याच शब्दांत ठेवलेत.

लोकगीतामागे ड्रम आणि गिटार लावली की लोक-रॉक झालं ना?

तेवढ्याने होत असतं तर गणपतीतला प्रत्येक डीजे लोक-रॉक कलाकार ठरला असता. मी एकच कसोटी लावतो. ड्रम आणि गिटार काढून घेतली तरी गाण्याची मूळ चाल, ताल आणि सांगण्याची रीत उभी राहते का? राहत असेल तर पुढे बोलू.

आपल्या भागात कच्चा माल भरपूर आहे, एवढा की निवडताना गोंधळ उडतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावोगावची भजनी मंडळं आहेत, लग्नानंतरचा गोंधळ आहे, रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतला धनगरी ढोल आहे, सौंदत्तीच्या यल्लम्माची चौंडक्यावरची पदं आहेत. शिवाय कन्नडमधलं गीगी पद. आपल्याकडे शाहिरांचा कलगी-तुरा तसा त्यांच्याकडे हरदेशी-नागेशीचा झगडा, आणि सवाल-जवाबाची पद्धत तीच. ज्याने दोन्ही ऐकलेत त्याला चाली इकडून तिकडे कशा गेल्या ते सांगावं लागत नाही.

बँड आहेच. मग सोलो कशाला?

बँडमध्ये तुमचं म्हणणं बसत नसेल तरच. सोलो अल्बमवरही पाच-सात जण वाजवतातच. फक्त कुठलं गाणं ठेवायचं, चाल कुणाची म्हणून लिहायची, पैसे कुणी द्यायचे, याची उत्तरं तुम्हाला एकट्याला द्यावी लागतात.

एक गोष्ट आधी उरकून घ्या. बँडच्या तालमीत तयार झालेलं गाणं सोलोवर घ्यायचं असेल तर त्या खोलीत तेव्हा जे जे होते त्यांना विचारा. गिटारचा तो तुकडा कुणी काढला, ध्रुवपदाची ओळ कुणी सुचवली, हे चहा पिता पिता विचारून कागदावर घेतलेलं बरं. अल्बम आल्यावर विचारलं की चहा कडू लागतो.

किती गाणी लागतात?

ऑनलाइन दुकानांचा ढोबळ नियम असा: सात किंवा जास्त गाणी, किंवा एकूण तीस मिनिटांच्या वर वेळ, तर अल्बम. चार ते सहा गाणी तीस मिनिटांच्या आत असतील तर ती ईपी, म्हणजे छोटा अल्बम. पहिल्या वेळी आठ गाणी पुरे. पंधरा गाण्यांची यादी घेऊन येणाऱ्याला मी सात घरी ठेवायला सांगतो. बहुतेक जण रागावतात.

मराठीत गाऊ की कन्नडमध्ये? की हिंदीत, म्हणजे जास्त लोक ऐकतील?

हिंदीचा विचार बाजारासाठी करत असाल तर सोडा. हिंदीत आधीच इतकी गर्दी आहे की तिथे बेळगावचा माणूस कुणाला दिसतही नाही.

मराठी की कन्नड, हे गाण्याने ठरवावं. आपल्या घरांत आजी देवीचं पद कन्नडमध्ये म्हणते आणि जात्यावरची ओवी मराठीत. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या गल्ल्यांत, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत लोक एका वाक्यात दोन भाषा वापरतात आणि कुणाला काही वाटत नाही. गाण्यात मात्र आपण अचानक पुण्याची मराठी आणायला जातो. 'आहे' म्हणायची सवय नसलेला मुलगा माइकसमोर 'आहे' म्हणतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो, मी हे हेडफोनमध्ये ऐकलेलं आहे. 'हाय' म्हणत असाल तर 'हाय'च म्हणा. कडवं मराठी आणि ध्रुवपद कन्नड असं जमत असेल तर तसं करा, पण ते जमलेलं असावं. दोन्ही बाजू खूश राहाव्यात म्हणून घुसडलेली ओळ ऐकणाऱ्याला लगेच कळते.

धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि कविता कन्नड. त्यांना १९७३चं ज्ञानपीठ कन्नडसाठी मिळालं. आपल्या भागात हे नवीन नाही.

भाषेवरून वाद होईल का?

कधी कधी होतो. सीमाप्रश्न १९५६पासूनचा आहे, तुमच्या अल्बमने तो सुटणार नाही आणि वाढणारही नाही. तारखेबाबत मात्र सल्ला देतो: १ नोव्हेंबरला काहीही प्रसिद्ध करू नका. एकीकडे कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस. तुमचं साधं प्रेमगीतही त्या दिवशी कुठल्या तरी एका बाजूचं ठरवलं जाईल.

आजीने शिकवलेली ओवी माझ्या नावावर टाकता येते का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट समजून घ्या.

ज्या गाण्याचा कर्ता माहीत नाही, जे पिढ्यान्पिढ्या तोंडी आलं, ते कुणाच्या मालकीचं नाही. तुम्ही ते गाऊ शकता, रेकॉर्ड करू शकता, विकू शकता. पण त्याचे कर्ते तुम्ही होत नाही. तुम्ही जी नवी मांडणी केली, म्हणजे गिटारचे स्वर, मधले संगीताचे तुकडे, नवीन जोडलेलं कडवं, तेवढं तुमचं. तुमच्या रेकॉर्डिंगवरचा हक्कही तुमचा, आणि तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणून माहिती भरताना गीत आणि संगीत या रकान्यांत 'पारंपरिक' लिहायचं आणि संगीत संयोजनात आपलं नाव. काही जण 'पारंपरिक' लिहायला बिचकतात, गाणं कमी भारी वाटेल म्हणून. उलट आहे. 'पारंपरिक' न लिहिता सगळीकडे स्वतःचं नाव टाकलं आणि उद्या गडहिंग्लजच्या कुणी तीच ओवी गायली, तर तुमच्या नावावरून यूट्यूब त्यांच्या व्हिडिओवर दावा ठोकतो. आजीच्या ओवीसाठी दुसऱ्याच्या आजीवर दावा! असले प्रकार होतात.

मग आजीचं नाव कुठे जायचं? ते आभारात जातंच, पण मी म्हणेन की गाण्याच्या माहितीत लिहा: गाणं कुणाकडून ऐकलं, कुठल्या गावात, कुठल्या प्रसंगी गातात. कायदा हे मागत नाही. पण बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व पुढे देवासला गेले, तिथे माळव्याची लोकगीतं ऐकली आणि त्यांतल्या धुनांतून राग उभे केले. त्या धुना माळव्याच्या, हे त्यांनी लपवलं नाही. त्यामुळे त्यांचं काही कमी झालं नाही.

जोगत्यांची पदं घेतली तर चालतील?

कायद्याने बहुधा चालतील. तेवढ्यावर थांबू नका. यल्लम्माला सोडलेल्या, तिची पदं गाणाऱ्या जोगती आणि जोगप्पांचं ते पोट आहे आणि त्यांच्यासाठी ती पूजा आहे. वर्षानुवर्षं लोकांनी कॅमेरे घेऊन यायचं, गाणं टिपायचं आणि निघून जायचं असं चाललंय. तुम्हाला पद हवं असेल तर गाणाऱ्याला अल्बमवर गायला बोलवा, तिचं नाव गायिका म्हणून द्या आणि पैसे द्या. ती म्हणाली की हे पद देवळाबाहेर म्हणत नाही, तर दुसरं घ्या. काही पदं मोकळी असतात, काही नसतात, आणि ते तिलाच माहीत.

जोगत्यांच्या आयुष्यावर स्वतः गाणं लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त त्यांच्या पोशाखात व्हिडिओ काढून नाचू नका. हे मला लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं.

संतांचे अभंग, वचनं, जुन्या कवींच्या कविता?

कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. तुकाराम, नामदेव, बसवण्णा, कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ (१८१९ ते १८८९) यांना हात लावायला कुणाची परवानगी नको. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, पण त्यांच्या कविता त्यानंतर १९५२ साली पुस्तकात आल्या; अशा वेळी ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, त्यामुळे त्या २०१३पासून मोकळ्या झाल्या. बेंद्रे १९८१ साली गेले, म्हणजे २०४१ संपेपर्यंत वारसांची लेखी परवानगी हवी. कुमार गंधर्वांच्या स्वतःच्या बंदिशींना २०५२ संपेपर्यंत.

पण शब्द मोकळे म्हणजे चाल मोकळी असं नाही. तुकोबांचा अभंग मोकळा, पण तुमच्या डोक्यात जी चाल घोळते ती बहुधा कुण्या संगीतकाराने गेल्या साठ-सत्तर वर्षांत बांधलेली असते. भजनी मंडळात ती इतकी मुरली असते की पारंपरिक वाटू लागते. शंका आली तर सरळ नवी चाल बांधा. पहिल्या अल्बममध्ये तेच अपेक्षित आहे.

एखादं गाजलेलं सिनेमातलं गाणं आपल्या पद्धतीने घेतलं तर?

घेऊ नका. कायद्याच्या कलम ३१सीमध्ये तशी वाट आहे, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबा, नोटीस द्या, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरा, हे सगळं कॅसेट-सीडीच्या काळाच्या हिशेबाने लिहिलेलं. खानापूरच्या पोराने त्यात पडू नये.

गिटार आणि पेटी जुळतच नाहीत. काय करू?

पेटीच्या पत्त्या बसलेल्या असतात, त्या तुमच्यासाठी हलणार नाहीत. भजनी मंडळांतल्या जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या मापापेक्षा थोड्या वर-खाली असतात. म्हणून गिटार पेटीला लावायची. ट्यूनरचं मूळ माप बदलता येतं. पेटीचा स्वर धरून ते बदला आणि मग बेस, गिटार, सगळं त्यावर लावा. आणि पेटी शक्यतो पहिल्या दिवशीच रेकॉर्ड करून घ्या. शेवटच्या दिवशी आणलेली पेटी आधीचं सगळं पाण्यात घालते.

पट्टीचं म्हणाल तर गाणारी बाई काळी चारात गात असेल तर गिटारवाल्याने कुरकुर करू नये. चौथ्या घरावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) लावून ईचा आकार धरला की झालं. काळी एकला पहिल्या घरावर कॅपो आणि सीचा आकार. गाणाऱ्याला गिटारच्या सोयीसाठी पांढरी एकमध्ये ओढणाऱ्यांनी आपलं गाणं बसवून घेतलेलं असतं, पण गळा हरवलेला असतो.

आता खरी अडचण. आपल्याकडच्या ओवीत, गोंधळाच्या पदात गंधार पुष्कळदा ना पूर्ण कोमल असतो ना पूर्ण शुद्ध. मधे कुठेतरी असतो आणि तिथेच त्याची गोडी असते. गिटारवर मेजर किंवा मायनर कॉर्ड धरली की ती गंधाराला एका बाजूला खेचते आणि गाणारा बेसूर वाटू लागतो. तो बेसूर नसतो. रॉकवाल्यांची पॉवर कॉर्ड इथे कामाला येते, कारण तिच्यात फक्त षड्ज आणि पंचम असतो, गंधार नसतोच. तुणतुण्याचा एकच स्वर घुमतोय, त्यावर डिस्टॉर्शनच्या फाटक्या आवाजातली पॉवर कॉर्ड, आणि वर मोकळा गळा: माझ्या मते आपल्या लोक-रॉकचा सगळा आवाज यातच आहे. आणि कृपा करून त्या गंधारावर ऑटोट्यून चालवू नका. ते सॉफ्टवेअर त्याला पकडून शेजारच्या घरात कोंबतं.

संबळवाले मामा क्लिकवर वाजवतच नाहीत. त्यांना कसं शिकवू?

शिकवू नका. गोंधळ संथ सुरू होतो आणि चढत चढत जातो, त्याशिवाय देवी अंगात येत नाही. मामा चुकत नाहीत, क्लिक (हेडफोनमधली ठरलेल्या लयीची टिकटिक) चुकतो.

मी करतो ते असं. संबळ, तुणतुणं आणि मुख्य गायन एकाच वेळी, क्लिकशिवाय, समोरासमोर उभं करून रेकॉर्ड करायचं. गिटार फक्त सूर धरायला, हेडफोनमध्ये. मग सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या समा शोधून लयीचा नकाशा बनवायचा आणि ड्रमरने, बेसवाल्याने त्या नकाशावर नंतर वाजवायचं. वेळ लागतो, एकेका गाण्याला अर्धा दिवस जातो. पण ड्रमर मामांच्या मागे धावतोय असं ऐकू आलं की गाणं जिवंत वाटतं.

ड्रमरसाठी आणखी एक गोष्ट. बरेच जण सहा मात्रांच्या ठेक्याला आठ मात्रांचा ताल जबरदस्तीने लावतात, कारण हात तोच बसलेला असतो. गोंधळाच्या सहा मात्रांत स्नेअर चौथ्या मात्रेवर टाका आणि बाकी हात आखडता घ्या. संबळ आधीच भरपूर बोलतोय. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत मात्र रॉकचा हात सहज बसतो, तिथे खुशाल वाजवा.

संबळ, हलगी, चौंडकं यांना माइक कसा लावायचा?

संबळ कमरेला बांधून उभ्याने वाजतो. वादकाला खुर्चीत बसवून रेकॉर्ड केलेला संबळ ऐकूनच ओळखू येतो, मेलेला असतो. दोन्ही तोंडांवर एकेक डायनॅमिक माइक, वाकडी काठी जिथून फिरते ती जागा सोडून, वीतभर अंतरावर. तिसरा माइक चार-पाच फूट लांब. माझा अनुभव असा की शेवटी आवाज त्या लांबच्याच माइकचा जास्त वापरला जातो.

हलगीला शेक लागतो. दोन टेकच्या मधे वादक बाहेर जाऊन कागद पेटवून हलगी तापवणार, त्याला घाई करू नका. स्टुडिओवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर धुराच्या वासावरून भांडण होतं. चौंडकं काखेत दाबून तार छेडतात, तार ताणली-सोडली की स्वर हलतो. माइक चामड्याच्या तोंडाकडे धरला तर नुसता घुमारा येतो, तारेकडे थोडा वळवून ठेवा.

आणि पाऊस. मलप्रभा जिथे उगवते त्या कणकुंबीकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, जून ते सप्टेंबर कातडं ओलं राहतं आणि संबळाचा आवाज खाली बसतो. अथणीकडच्या कोरड्या हवेत लावून आणलेलं वाद्य खानापुरात आल्यावर दोन तासांत बदलतं. वाद्य खोलीत आदल्या रात्रीच आणून ठेवा.

घरी रेकॉर्ड करू की स्टुडिओत?

गळा, गिटार, तुणतुणं घरी होतं. दोन माइक लावता येतील असा ऑडिओ इंटरफेस, एक बरा कंडेन्सर माइक (त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो इंटरफेसमधूनच मिळतो) आणि लॅपटॉप. खोलीच्या भिंतींवर वाकळा टांगा, कोपऱ्यांत गाद्या उभ्या करा. फोमपेक्षा आईच्या वाकळा जास्त काम करतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात पावसाळ्यात हे विसरा.

ड्रम आणि पूर्ण गोंधळाचा संच मात्र मोठ्या खोलीतच. कोल्हापूर आणि हुबळी दोन्हीकडे सुमारे शंभर किलोमीटर. पुण्याला जायची हौस असेल तर जा, पण संबळवाल्या मामांना प्रवास, राहणं, दोन दिवसांची मजुरी बुडणं हे सगळं तुमच्या खिशातून द्यायचं आहे हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा गावचं मंगल कार्यालय एका दिवसासाठी घ्या. भाद्रपदात ते रिकामंच असतं.

म्हणजे रेकॉर्डिंग कधी करायचं?

पितृपक्षात. घरचे नाक मुरडतील. पण पाहा, पेरणी-रोपलावणीत शेतकरी वादक मिळत नाहीत, गणपतीत ढोल-ताशा आणि बँजो पार्ट्यांमुळे कुणीच मिळत नाही, नवरात्रात गोंधळी घरी नसतो, मग सुगी, मग उसाचा हंगाम, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, पुढे यात्रा. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना या पंधरवड्यात लग्न नाही, गोंधळ नाही, कार्यालय स्वस्त आणि पाऊस ओसरत आलेला. वाटल्यास नारळ आधीच फोडून ठेवा. प्रसिद्ध मात्र पितृपक्षात करू नका, तेवढं मी घरच्यांच्या बाजूने.

मास्टरिंग म्हणजे आवाज वाढवणंच ना?

मास्टरिंग म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरून फिरवलेला शेवटचा हात. पूर्वी बऱ्याच अंशी ते आवाज वाढवणंच झालं होतं. आता स्पॉटिफायसारखी ॲप सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) पातळीला आणून वाजवतात, त्यामुळे चेपून मोठा केलेला आवाज तिथे परत खालीच येतो आणि चेपलेपण तेवढं उरतं. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवा. संबळाचा पहिला फटका वाचला पाहिजे. मिक्स ज्याने केलं त्याच्याकडूनच मास्टरिंग करून घेऊ नका, ताजे कान हवेत.

वादकांना किती द्यायचं? ओळखीचेच आहेत.

ओळखीचे आहेत म्हणून आधी द्यायचं. आकडा मी सांगणार नाही, पण यात्रेच्या किंवा लग्नाच्या एका दिवसाला जो दर असतो त्यापेक्षा कमी देऊ नका, कारण लग्नात एकदा वाजवतात आणि तुमचं रेकॉर्डिंग कायम वाजत राहतं.

गायक-वादकांचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात आणखी वाढवला आहे: त्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग वापरता येत नाही आणि व्यापारी वापरात त्यांचा वाटा मागता येतो. म्हणून एक पानाचा कागद करा. कोण, कुठल्या गाण्यात काय वाजवलं, किती पैसे दिले, पुढे उत्पन्न आलं तर किती टक्के. ज्याला ज्या भाषेत वाचता येतं त्या भाषेत. मामांना मराठी लिपी येत नसेल आणि कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये, आणि वाचता येत नसेल तर त्यांच्या मुलासमोर वाचून दाखवा. इंग्रजी कागदावर अंगठा घेऊ नका. नावं लिहितानाही 'संबळ: गावातील कलाकार' असलं काही लिहू नका. माणसाला नाव असतं, आडनाव असतं.

अल्बम ॲपवर जातो कसा?

डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी असे वितरक असतात, ते तुमची वेव्ह फाइल आणि मुखपृष्ठ घेऊन सगळीकडे पाठवतात. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामचा पत्ता नको, परत येतं. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो वितरकच देतो. वहीत उतरवून ठेवा, पुढे वितरक बदलला तर तोच क्रमांक द्यायचा असतो.

गाण्याची नावं देवनागरीत द्या. भाषेच्या रकान्यात खरी भाषा निवडा, जास्त ऐकलं जाईल या आशेने हिंदी नको. तुमचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर ॲपवर तुमची दोन-तीन पानं तयार होतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एक गाणं सुचवायचं असेल तर प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी. मी महिनाभर आधी सगळं चढवून ठेवायला सांगतो.

पैसे मिळतात का?

ॲपवरून? पहिल्या वर्षी रेकॉर्डिंगच्या दिवशीच्या नाश्त्याचेही निघत नाहीत. २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही ऐकलं गेलं नाही त्याला काहीच मिळत नाही. गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ऐकलेलं धरतात, म्हणून दीड मिनिटाचा आलाप सुरुवातीला ठेवणाऱ्यांनी विचार करावा. (मी स्वतः आलाप ठेवायच्या बाजूचा आहे.)

गीत आणि संगीत तुमचं असेल तर आयपीआरएसचे सदस्य व्हा. १९६९पासूनची ही संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. गाणी तिथे नोंदवा, 'पारंपरिक' असलेली 'पारंपरिक' म्हणूनच.

एका कंपनीने सगळे हक्क मागितलेत. देऊ का?

कागद मला नको, वकिलाला दाखवा. तुम्हाला माहीत असावं एवढं: कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असं लिहून घेतात. गीतकार आणि संगीतकार म्हणून तुमचा रॉयल्टीचा वाटा मात्र २०१२नंतर कंपनीला लिहून देता येत नाही, तो वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच जातो. 'रॉयल्टी सोडून देतो' अशी ओळ दिसली की समजा, कागद जुना आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतात.

सीडी काढू का?

यात्रेत विकायची असेल तर सीडीपेक्षा पेनड्राइव्ह चालतो, ट्रॅक्टरला आणि टेम्पोला तोच लागतो. विनाइलची हौस असेल तर एका बाजूला साधारण बावीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आवाज पातळ होतो.

पहिला कार्यक्रम कुठे करू?

शहरातल्या सभागृहाचं भाडं भरण्याआधी गावाकडे बघा. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे मराठी साहित्य संमेलनं भरतात, दिवसभर लोक बसलेले असतात आणि संध्याकाळी गाणं हवंच असतं. आयोजकांना दोन महिने आधी भेटा, पूर्ण संच नको म्हणाले तर संबळ, तुणतुणं आणि एक गिटार एवढ्यावर तयार राहा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत गाणं वाजवू का, असंही विचारतात. ती बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनिमित्त रात्रभर चालते आणि तिथे तुमची गिटार कुणाला ऐकू येणार नाही. पोवाडा असेल तर मंडळाला फाइल देऊन ठेवा, रथावर वाजवतील. आणि जिथून चाल घेतलीत त्या गावात एक कार्यक्रम फुकट करा, शक्यतो यात्रेच्या आदल्या रात्री. साउंडवाल्याला खर्जाचा भोंगा अर्धाच ठेवायला सांगा, जनरेटर तेवढाच ओढतो.